सोन्याचा ढिगारा आणि घरातली घरघर

2012 साली दक्षिण आफ्रिकेतल्या गाउटेंग आणि नॉर्थ वेस्ट या दोन प्रांतांत, खाणींच्या पाच जुन्या ढिगाऱ्यांच्या परिसरातल्या शाळांमध्ये एक प्रश्नावली भरून घेण्यात आली. भरणारी मुलं 13-14 वर्षांची, संख्येनं साडेतीन हजारांहून अधिक. काही ढिगाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरवर राहणारी, काही पाच किलोमीटरच्या पलीकडची. प्रश्न साधे होते. गेल्या 12 महिन्यांत छातीत घरघर झाली का, शिटीसारखा आवाज आला का? सर्दी-पडसं नसताना शिंका, वाहतं नाक आणि त्याबरोबर खाजरे, पाणावलेले डोळे असा त्रास झाला का? तुला कधी दमा झालाय का? प्रिटोरिया विद्यापीठाचे वुसुमुझी न्कोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरांचा हिशेब मांडला, तेव्हा ढिगाऱ्याजवळच्या मुलांमध्ये घरघरीची शक्यता 1.38 पट आणि नाक-डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीसारख्या त्रासाची 1.54 पट निघाली. (ही संख्याशास्त्रातली गुणोत्तरं आहेत; त्यांना सरळ टक्केवारी समजू नये.) इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र उलटं आलं. दमा असल्याचं सांगणारी मुलं ढिगाऱ्याजवळ कमी होती, आणि तीही थोडीथोडकी नव्हे, बरीच कमी. आकडा नुसता वाचला तर खाणीची धूळ दम्यापासून वाचवते असं म्हणावं लागेल! घरघर जास्त आणि दमा कमी, हे एकाच मुलाच्या छातीत कसं जमायचं? या विसंगतीचा उलगडा करू गेलं की खाणीच्या कचऱ्यावरच्या नेहमीच्या वादाचं, म्हणजे दोष ढिगाऱ्याचा की घराचा या वादाचं, स्वरूपच बदलून जातं.

आधी ढिगारा म्हणजे काय ते पाहू. जोहान्सबर्ग हे शहर सोन्यानं वसवलं. 1886 मध्ये तिथल्या एका शेतजमिनीवर सोनं असलेला खडक सापडला आणि विट्वाटर्सरँडच्या पट्ट्यात खाणींची रांग लागली. हे सोनं नदीच्या वाळूत चमकणारं नव्हे. ते कठीण खडकात, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक विखुरलेलं असतं. एक टन खडक फोडावा तेव्हा हाती येतं ते काही ग्रॅम. म्हणजे खोदलेलं जवळजवळ सगळंच फेकायचं, आणि फेकण्यापूर्वी ते पिठासारखं दळायचं. 1890 च्या सुमारास सायनाइडच्या द्रावणात सोनं विरघळवून काढण्याची रीत तिथं आली, आणि पुढच्या काळात दळण बारीकच होत गेलं. आधुनिक गिरण्यांतून निघणाऱ्या मालाचा मोठा भाग 75 मायक्रॉनच्या चाळणीतून सहज गळतो; माणसाच्या केसाची जाडी साधारण एवढीच असते. सोनं काढून घेतलं की उरलेला गाळ पाण्यासकट वाहून नेऊन एका जागी साठवायचा, पाणी सुकलं की त्यावर नवा थर. असे थर चढत चढत टेकड्या झाल्या. नेहमी दिले जाणारे आकडे असे की या पट्ट्यात अशा 270 च्या आसपास साठवण-टेकड्या आहेत, त्यांनी सुमारे 400 चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे आणि त्यांत सुमारे 6 अब्ज टन माल पडून आहे. त्यात मुख्यतः गारगोटीचा, म्हणजे सिलिकाचा चुरा. सोबत गंधक आणि लोखंडाचं पायराइट हे खनिज, आणि थोड्या प्रमाणात आर्सेनिक, शिसं, युरेनियम. पायराइट हवा-पाण्याच्या संपर्कात गंजतं, म्हणून या टेकड्या पिवळसर दिसतात. जोहान्सबर्गकरांना त्यांची इतकी सवय झाली होती की शहराच्या मध्यभागाजवळच्या एका ढिगाऱ्याच्या माथ्यावर ‘टॉप स्टार’ नावाचं गाडीत बसून सिनेमा पाहायचं थिएटर अनेक दशकं चाललं. ते बंद पडलं 2008 मध्ये, आणि तेही धुळीमुळे नव्हे. सोन्याचा भाव चढला, ढिगाऱ्यात राहून गेलेलं सोनं पुन्हा काढणं परवडू लागलं, म्हणून.

जोहान्सबर्गचा हिवाळा कोरडा असतो. पाऊस ऑक्टोबरपासून पुढं. मधले ऑगस्ट-सप्टेंबर हे वाऱ्याचे महिने. पावसानं ढिगाऱ्यावर बसलेली कडक पापुद्र्यासारखी साल तोपर्यंत वाळून तडकलेली असते. तिच्यावरून माणसं, गुरं, मोटरसायकली गेल्या किंवा पुन्हा खोदकाम सुरू झालं की खालचा सुटा चुरा उघडा पडतो. मग वारा उठला की पिवळी भिंत उभी राहिल्यासारखं दिसतं. पण जे दिसतं ते फुप्फुसासाठी तितकंसं घातक नसतं. मोठे कण शे-दोनशे मीटरवर खाली बसतात किंवा नाकात अडकतात. 10 मायक्रॉनहून लहान कण, ज्यांना पीएम 10 म्हणतात, ते हवेत तरंगत लांब जातात आणि घशाच्या खाली उतरतात. 2.5 मायक्रॉनखालचे त्याहून खोल. ढिगाऱ्याच्या एकूण वस्तुमानात या बारीक कणांचा वाटा लहान, पण 6 अब्ज टनांतला लहान वाटाही मोठाच.

आता या ढिगाऱ्यांशेजारी माणसं राहतात कशी, हा प्रश्न. ‘लोकांनी तिथं घरं बांधलीच कशाला?’ असं विचारणारे भेटतात, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. खाणींचा पट्टा शहराच्या दक्षिणेला पूर्व-पश्चिम पसरलेला. गोऱ्यांची उपनगरं बहुतांशी उत्तरेला, आणि काळ्या, मिश्रवंशीय आणि हिंदी लोकांच्या वसाहती पट्ट्याच्या दक्षिणेला किंवा त्याला लागून. मधला खाणपट्टा वंशभेदी नगररचनाकारांना आयताच मिळालेला अडसर होता. याची सुरुवात वंशभेदाचा अधिकृत अंमल येण्यापूर्वीची आहे आणि तिच्यात आपल्या ओळखीचं एक पान आहे. 1904 मध्ये जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत प्लेग आला, तेव्हा गांधीजी तिथं वकिली करत होते आणि रोग्यांच्या शुश्रूषेत स्वतः उतरले होते. नगरपालिकेनं वस्ती जाळून टाकली आणि रहिवाशांना गावाबाहेर क्लिपस्प्रूट इथं, मैलापाण्याच्या शेताशेजारी नेऊन ठेवलं. पुढं ज्याला सोवेटो म्हणू लागले त्याचा उगम तिथं. 1923 चा नागरी क्षेत्रांचा कायदा आणि 1950 चा ग्रुप एरियाज कायदा यांनी ही रीत पक्की केली. रिव्हरलीसारखी वसाहत तर ढिगाऱ्याच्या अगदी कुशीत वसवली गेली. 1994 नंतर सक्ती गेली, पण स्वस्त जमीन तीच राहिली. क्रूगर्सडॉर्पजवळची ट्यूडर शाफ्ट ही झोपडपट्टी तर खाणीच्या किरणोत्सारी गाळावरच उभी होती. थोडक्यात, ढिगाऱ्याजवळ कोण राहणार हे आधी ठरलं होतं, आणि ज्यांनी ते ठरवलं त्यांनीच त्यांना कसली घरं मिळणार हेही ठरवलं होतं. पुढच्या सगळ्या युक्तिवादाचा पाया हाच आहे.

त्या घरांत जाऊ. सरकारी वसाहतींतली जुनी घरं चार लहान खोल्यांची, सगळी मिळून साधारण 40 चौरस मीटरची. अनेकांना आत सिलिंग नाही. भिंत संपते आणि पत्रा सुरू होतो, त्या दोहोंमध्ये फट. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरहून उंच आहे, जून-जुलैच्या रात्री पारा कधी शून्याखाली जातो. ऊब लागतेच. वीज आहे पण महाग, आणि कित्येक झोपड्यांत ती नाहीच. मग रॉकेलचा स्टोव्ह किंवा हीटर, नाहीतर भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात पेटवलेला कोळसा. (कोळसा खाली आणि काडीकचरा वर ठेवून, वरून पेटवण्याची ‘बासा न्जेंगो मागोगो’ नावाची पद्धत तिथल्या सरकारनं प्रचारात आणली, तिनं धूर बराच कमी होतो, आणि खर्च काहीच नाही. सरकारी मोहिमांत इतकी स्वस्त आणि शहाणी कल्पना क्वचितच सापडते.) हे रॉकेल कसं वागतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. धुराडं नसलेल्या हीटरमध्ये जळणाऱ्या एक लिटर रॉकेलमागे जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपानं खोलीत सुटतं. थंडीसाठी आणि धुळीसाठी खिडक्या बंद. ती वाफ पत्र्यावर आणि गार भिंतीवर थिजते, ओल धरते, कोपऱ्यात काळी बुरशी येते. बुरशीचे कण अ‍ॅलर्जीला निमंत्रण देतात. जोडीला जळण्यातून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म काजळी, घरातल्या मोठ्यांची सिगारेट, अन्नाच्या उरल्यासुरल्यावर जगणारी झुरळं. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांच्या यादीतले बहुतेक संशयित इथं एकाच छपराखाली आहेत.

म्हणून पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप इथंच उभा राहतो. घरात एवढं सगळं असताना ढिगाऱ्याला कशाला धरता? रॉकेल बंद करा, सिगारेट सोडा, खिडकी उघडा, मुलं बरी होतील. या आक्षेपात तथ्य आहे हे आधी मान्य करायला हवं. मुलांच्या अभ्यासात घरातल्या तंबाखूच्या धुराचा संबंध त्रासाशी दिसलाच. त्याच संशोधकांनी 55 वर्षांवरच्या सुमारे 2,400 माणसांचाही अभ्यास केला. त्यात रॉकेलवर स्वयंपाक करणं, धूम्रपान आणि कमी शिक्षण हे स्वतंत्र धोके म्हणून पुढं आले. पण त्या यादीत ढिगाऱ्याची जवळीकही होती, आणि तीही स्वतंत्रपणे. या वृद्धांच्या आकडेमोडीचं मोल मोठं आहे. संख्याशास्त्रात अनेक कारणं एकत्र ठेवून प्रत्येकाचा वेगळा वाटा काढता येतो. रॉकेल, विडी-सिगारेट, शिक्षण यांचा वाटा बाजूला काढल्यावर ढिगारा निरपराध ठरला असता, तर आक्षेप खरा ठरला असता. तसं झालं नाही. जुनाट खोकल्याची शक्यता ढिगाऱ्याजवळ 2.02 पट, घरघरीची 2.01 पट, जुनाट ब्राँकायटिसची 1.74 पट राहिली. आणि दम्याची 1.57 पट, म्हणजे मुलांच्या अगदी उलट दिशेला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, तिच्याकडे परत यायचं आहे.

तरीही कुणी म्हणेल की आकडेमोड कितीही केली तरी घर पूर्ण बाजूला काढता येत नाही. गरिबीच्या कितीतरी बाजू प्रश्नावलीत मावतच नाहीत. खरं आहे. म्हणूनच घर नसलेली एक जागा पाहावी, ती म्हणजे शाळा. वर्गात रॉकेलचा हीटर नसतो, आजोबांची सिगारेट नसते. न्कोसी आणि सहकाऱ्यांनी ढिगाऱ्यांजवळच्या आणि लांबच्या शाळांमध्ये, वर्गाच्या आत आणि बाहेर पीएम 10 मोजलं. ढिगाऱ्यांजवळच्या शाळांत ते जास्त भरलं. बाहेरची धूळ भिंतींना जुमानत नाही, हे यातून दिसतं. शाळेची भिंत घराच्या भिंतीपेक्षा बहुधा भक्कमच असते. मग सिलिंग नसलेल्या चार खोल्यांत काय होत असेल याचा अंदाज करायला फार बुद्धी लागत नाही.

माझा मुद्दा मात्र एवढ्यावर थांबत नाही. ढिगारा की घर असा निवाडा करायचाच कशाला, असं मला म्हणायचं आहे. या वस्त्यांत घर आणि ढिगारा एकमेकांना बळ देतात. वारा सुटला की घरातली बाई खिडक्या-दारं लावून घेते. ती दुसरं करणार तरी काय? पण खिडक्या लागल्या की रॉकेलचा धूर आणि वाफ आत कोंडते. खिडक्या उघड्या ठेवल्या तर धूर जातो आणि गारगोटीचा चुरा येतो. जो चुरा आत आला तो जमिनीवर, अंथरुणावर, कपड्यांवर बसतो आणि दर वेळी कोरड्या झाडूनं केर काढला की पुन्हा नाकाच्या उंचीवर उठतो. ही उंची लहान मुलाची असते. म्हणजे बाहेरचं प्रदूषण घरातलं होतं आणि त्यापासून वाचण्याचा उपाय घरातलं दुसरं प्रदूषण वाढवतो. ‘घरात हवा खेळती ठेवा’ हा जगभरच्या आरोग्यपत्रकांतला सल्ला इथं निम्मा चुकीचा ठरतो. सल्ला देणाऱ्यांनी ढिगारा जमेस धरलेलाच नसतो.

दुसरा आक्षेप वैद्यकशास्त्राच्या बाजूनं येतो आणि तो अधिक बारीक आहे. अ‍ॅलर्जी म्हणजे शरीरानं एखाद्या बहुधा प्रथिनरूप पदार्थाला शत्रू मानून आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करणं. परागकण, बुरशी, झुरळाची विष्ठा, मांजराची लाळ, यांत प्रथिनं आहेत. गारगोटीच्या चुऱ्यात कसलं प्रथिन? मग खाणीच्या धुळीनं ‘अ‍ॅलर्जी’ होते म्हणणं चूक नाही का? काटेकोर बोलायचं तर या मुलांची त्वचेवरची किंवा रक्तातली अ‍ॅलर्जीची चाचणी झाली नव्हती. लक्षणं तेवढी विचारली गेली. त्यांतली काही लक्षणं अ‍ॅलर्जीची नसून धुळीनं होणाऱ्या साध्या चुरचुरीची असणार, हे मी मान्य करतो. पण त्यामुळे ढिगारा सुटत नाही. नाकापासून फुप्फुसापर्यंत पसरलेलं नाजूक अस्तर हा शरीराचा पहारा असतो. धारदार खनिज कण आणि धातूंचे क्षार त्याला इजा करतात, आणि इजा झालेल्या अस्तरातून बुरशीचं किंवा झुरळाचं प्रथिन आत शिरणं सोपं होतं. शिवाय काही कण शरीराची अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया भडकवतात. डिझेलच्या धुराबद्दल हे चांगलं सिद्ध झालं आहे, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत सिलिकानंही असा परिणाम दाखवला आहे. म्हणजे प्रथिन घरातलं, इजा ढिगाऱ्याची. इथंही दोन आरोपी वेगळे काढू गेलं की हाती काही लागत नाही.

याच्याच जोडीला एक खुलासा. खाणीत काम केलेल्यांना सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, होतो हे दक्षिण आफ्रिकेत शतकभर माहीत आहे, आणि म्हणून ढिगाऱ्याजवळच्या माणसांनाही तोच होत असणार अशी भीती पसरते. रिव्हरलीत झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ढिगाऱ्याजवळच्या रहिवाशांना श्वसनाचे त्रास अधिक आढळले, पण क्ष-किरण चित्रांत सिलिकोसिसच्या खुणा सापडल्या नाहीत. भीती पसरवणाऱ्यांनी हे वाचावं. आणि ‘सिलिकोसिस नाही, म्हणजे काहीच नाही’ म्हणणाऱ्यांनीही वाचावं, कारण त्रास अधिक असल्याचंही तोच अभ्यास सांगतो. शाळा बुडवणारी, रात्रीची झोप मोडणारी घरघर क्ष-किरणात दिसत नाही.

तिसरा आक्षेप असा की हे सगळं मुलांच्या सांगण्यावर बेतलेलं आहे. ढिगारा रोज समोर दिसणारी मुलं जरा वाढवूनच सांगणार. आता तो सुरुवातीचा पेच पुन्हा घेऊ. वाढवून सांगण्याची वृत्ती असती तर मुलांनी ‘दमा आहे’ हेही वाढवूनच सांगितलं असतं. त्यांनी ते कमी सांगितलं. याचा सर्वांत सरळ अर्थ मला दिसतो तो असा: घरघर मुलाला स्वतःला ऐकू येते, पण दमा कुणीतरी सांगावा लागतो. तो डॉक्टर सांगतो, आणि जिथं डॉक्टर लांब, रांग मोठी आणि खोकला हा रोजचाच, तिथं तो सांगितला जात नाही. वृद्धांमध्ये दमा ढिगाऱ्याजवळ जास्त निघाला, यानं याला पुष्टी मिळते. वय वाढेपर्यंत केव्हातरी दवाखान्याची पायरी चढावी लागते आणि आजाराला नाव मिळतं. हा निव्वळ तर्क नाही, कारण असंच चित्र आपल्याकडेही दिसलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या मुलांना विचारलेले प्रश्न 1990 च्या दशकात जगभर राबवलेल्या ‘आयझॅक’ या पाहणीतले आहेत. तेव्हा मुंबई, पुणे, अकोला इथल्या शाळांतही ते विचारले गेले होते. तिचीच पुढची पिढी म्हणजे ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’. तिच्या भारतातल्या पाहणीचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात पुणंही होतं. घरघर असलेल्यांपैकी 82 टक्क्यांना दम्याचं निदान झालेलंच नव्हतं. ज्यांची लक्षणं तीव्र होती त्यांच्यातही 70 टक्क्यांना नाही. निदान नाही म्हणजे श्वासातून घ्यायचं औषध नाही, आणि शिक्षकाच्या दृष्टीनं ते मूल ‘सारखं आजारी पडणारं’ एवढंच.

अखेरचा आक्षेप व्यवहारी माणसाचा. ढिगारे आता पुन्हा उकरून नेले जात आहेत, नियमही आले आहेत, मग काळजी कशाची? ढिगारे उकरले जात आहेत हे खरं. उच्च दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्यानं त्यांचा गाळ करून नळांतून लांब नेतात, उरलेलं सोनं काढून घेतात आणि राहिलेला माल नव्या, मोठ्या ढिगाऱ्यावर टाकतात. शहराच्या दृष्टीनं हा लाभच आहे. पण अर्धवट उकरलेला ढिगारा हा अखंड ढिगाऱ्यापेक्षा वाऱ्याला अधिक उघडा असतो, आणि सोनं संपलं की कंपनीचा रस संपतो, धूळ संपत नाही. गवत लावणं, खडीचा थर देणं, पाणी मारणं हे उपाय अनेक दशकं माहीत आहेत. आम्लयुक्त मातीत गवत टिकवायला मात्र सतत निगा लागते आणि ती कोण करणार, या प्रश्नाशी गाडी अडते. कित्येक ढिगाऱ्यांचा मूळ मालकच आता अस्तित्वात नाही.

नियमांची गत तर पाहण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेच्या 2013 च्या धूळ नियंत्रण नियमांनी निवासी भागासाठी मर्यादा घातली: दर चौरस मीटरला दिवसाला 600 मिलिग्रॅम, सुमारे महिन्याभराची सरासरी. हे मोजायचं कसं? खांबावर उघडी बादली ठेवायची, महिन्यानं तिच्यात साठलेली धूळ तोलायची. म्हणजे जी जड आहे, जी खाली पडते, जी कपडे मळवते, ती धूळ मोजली जाते. जी तरंगत राहते आणि मुलाच्या छातीत जाते ती बादलीत फारशी पडतच नाही. तिच्यासाठी वेगळी मानकं आहेत, पण तीही सैल. तिथं पीएम 10 ची 24 तासांची मर्यादा दर घनमीटरला 75 मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये सुचवलेली 45. शिवाय ती मोजणारी यंत्रं थोडी आणि ढिगारे शेकड्यांनी. आणि घरातली हवा? तिच्यासाठी बादलीसुद्धा नाही. ढिगाऱ्याची जबाबदारी खाण खात्याकडे, बाहेरच्या हवेची पर्यावरण खात्याकडे, रॉकेलची ऊर्जा खात्याकडे, सिलिंगची गृहनिर्माणाकडे आणि घरघरीची आरोग्याकडे. पाच खात्यांत वाटलेलं एक मूल कुणाचंच राहत नाही. उपायांचा क्रम लावायचा तर मी ढिगाऱ्याला पहिला नंबर देईन. रॉकेल बदलण्याची थोडीफार सोय कुटुंबाच्या हाती असते, वाऱ्यावर त्यांचा काहीच ताबा नाही. पण नुसता ढिगारा झाकून घरांना सिलिंग आणि परवडणारी वीज दिली नाही तर निम्मंच काम होईल, हेही तितकंच खरं.

हा विषय आपल्याला दूरचा वाटू नये. फरक आहे, तो आधी सांगतो: चंद्रपूर-वणी भागातले वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या) कोळसा खाणींचे मातीचे डोंगर किंवा गोव्यात डिचोली-सांगे भागातले लोहखनिजाचे डंप सोन्याच्या गाळासारखे दळलेले नसतात. ती खणून बाजूला टाकलेली माती आणि खडक, म्हणून कण जाडे. पण त्यांच्या आसपास कोळशाच्या आणि खनिजाच्या गाड्यांची धूळ असते, आणि चंद्रपूरला औष्णिक वीज केंद्रही आहे. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा 83.88 गुणांसह चंद्रपूर चौथं आलं होतं. आणि वादाची रीत तर हुबेहूब तीच. खाणीकडे बोट दाखवलं की चुलीकडे बोट दाखवलं जातं, चुलीकडे दाखवलं की खाणीकडे.

त्यामुळे एक सूचना करावीशी वाटते, आणि ती खर्चिक नाही. 2013 पासून देशभर चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलं तपासायला येतात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत श्वासनलिका चटकन आकसण्याचा विकार आधीपासून आहे. खाणपट्ट्यातल्या तालुक्यांत या पथकांनी ‘दमा आहे का’ असं विचारून पुढं जाऊ नये. गेल्या 12 महिन्यांत छातीत घरघर झाली का, रात्री तिनं झोपमोड झाली का, सर्दी नसताना शिंका आणि डोळ्यांना खाज असते का, घरात काय जळतं, आणि खाण, डंप किंवा गाड्यांचा रस्ता घरापासून किती लांब, एवढे पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरं तालुक्याला एकत्र ठेवावीत. खाणपट्ट्यातल्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर जे पालक आहेत, त्यांनी पथकाच्या पुढच्या भेटीपूर्वी ही मागणी लेखी द्यावी.